मतदारसंघाचा इतिहास लिहिणाऱ्यांना मढहून एक पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांचे आणि वाहिन्यांचे राजकीय वार्ताहर, निवडणूक विश्लेषक व त्यांचे संपादक यांस,



निवडणूक जवळ आली की आपल्या पानांवर एकेका मतदारसंघाची ओळख येऊ लागते. एक नकाशा, मागच्या दोन-तीन निवडणुकांचे आकडे, विद्यमान आमदारांचे छायाचित्र, इच्छुकांची नावे आणि शेवटी लढत चुरशीची होणार असे भाकीत. 162 क्रमांकाच्या मालाड पश्चिम मतदारसंघाची अशी ओळख मी 2009 पासून प्रत्येक निवडणुकीत वाचत आलो आहे. मी मढला राहतो. मालाडहून येणारा रस्ता जिथे संपतो आणि समोर वर्सोव्याची खाडी लागते, ते आमचे गाव. आमची मते या मतदारसंघात मोजली जातात. पण आपण लिहिलेल्या त्याच्या इतिहासात आमचे गाव मला क्वचितच सापडले.

हे पत्र कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात नाही. एका जाणत्या वाचकवर्गाच्या वतीने मी आपल्याशी बोलतो आहे, कारण आमच्याबद्दल आपण जे लिहिता तेच पुढे इतिहास म्हणून वापरले जाते. विद्यार्थी तेच वाचतात, नवे उमेदवार तेच वाचतात, पक्षांचे प्रभारी तेच वाचून आमच्याकडे येतात. म्हणून माझ्या तक्रारी आणि विनंत्या मी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार अशी की आपला इतिहास नावांच्या यादीवर थांबतो. यादी मलाही पाठ आहे. 1952 च्या पहिल्या लोकसभेत मुंबई उपनगरातून जयश्री रायजी निवडून गेल्या. 1972 साली मालाडमधून मृणाल गोरे विधानसभेत गेल्या. पुढे 1990 पासून 2009 पर्यंत सलग चार वेळा मालाडचे आमदार शिवसेनेचे गजानन कीर्तिकर होते. 2008 च्या पुनर्रचनेनंतर मालाड पश्चिम हा मतदारसंघ तयार झाला आणि 2009, 2014, 2019 व 2024 अशा चारही निवडणुका काँग्रेसचे अस्लम शेख यांनी जिंकल्या. लोकसभेची यादी तर आपल्याला अधिक प्रिय आहे, कारण उत्तर मुंबईने देशाला ठळक चेहरे दिले. 1962 मध्ये इथे व्ही. के. कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची लढत झाली आणि साऱ्या देशाचे लक्ष तिच्याकडे लागले. 1977 मध्ये मृणालताई खासदार झाल्या. 1989 पासून सलग पाच वेळा राम नाईक निवडून आले. 2004 मध्ये अभिनेते गोविंदा यांनी त्यांचा पराभव केला. मग संजय निरुपम, दोनदा गोपाळ शेट्टी आणि 2024 मध्ये पीयूष गोयल.

ही सगळी नावे खरी आहेत आणि महत्त्वाचीही आहेत. पण यातून मतदारसंघाबद्दल काय कळते? कोण आले आणि कोण गेले, एवढेच. इथल्या लोकांनी त्यांच्याकडे काय मागितले, त्यातले काय मिळाले आणि काय अजून मागतोच आहोत, हे कळत नाही.

मृणाल गोरे यांचेच उदाहरण घ्या. त्यांना किती मते पडली, किती मताधिक्य मिळाले, हे आज गोरेगाव-मालाडच्या जुन्या रहिवाशांना विचारले तर कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांनी पाण्यासाठी मोर्चे काढले, हंडे घेऊन बायका त्यांच्यामागे महापालिकेवर गेल्या, हे घराघरांत माहीत आहे. लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. आणीबाणीनंतर त्या खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईभर गाजली. नंतर नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून त्यांनी दिंडोशीत सामान्य माणसांसाठी घरे उभी केली. लोकांनी आपल्या प्रतिनिधीचा इतिहास कामाच्या आधारे लक्षात ठेवला आहे. माझी विनंती आहे की आपणही तो तसाच लिहावा. प्रत्येक आमदाराच्या आणि खासदाराच्या नावापुढे मताधिक्याआधी त्याच्या काळात या भागात काय झाले, ते लिहा. चांगले असेल तर चांगले लिहा. काहीच झाले नसेल तर तेही स्पष्ट लिहा.

दुसरी तक्रार हिशेबाबद्दल आहे. मालाड पश्चिमचे चित्र आपण वर्षानुवर्षे दोन रंगांत रंगवत आला आहात. एकीकडे मालवणीची वस्ती, दुसरीकडे स्टेशनकडच्या सोसायट्या. मग धर्म, भाषा, प्रांत यांच्या टक्केवारीची बेरीज-वजाबाकी करून निकाल आधीच सांगितला जातो. मढ, भाटी, एरंगळ, आक्सा, मार्वे ही किनाऱ्यावरची गावे या बेरजेत कुठेच नसतात. इथे हिंदू कोळी आहेत, ख्रिस्ती कोळी आहेत, ईस्ट इंडियन कुटुंबे आहेत, भंडारी आहेत, गेल्या काही दशकांत येऊन स्थायिक झालेली माणसे आहेत. एरंगळचे सेंट बोनाव्हेंचर चर्च 1575 चे आहे. त्याच्या जानेवारीतल्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसे जातात. आपल्या दोन रंगांत ही माणसे बसत नाहीत, म्हणून ती वगळली जातात.

हे वगळणे आकड्यांच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. 2014 मध्ये मालाड पश्चिमचा निकाल सव्वादोन हजारांच्या आसपास मतांनी लागला. 2019 मध्ये फरक दहा हजारांच्या घरात होता, 2024 मध्ये सहा हजारांच्या. खाडीच्या पलीकडे वर्सोवा आहे. तो भाग ज्या उत्तर-पश्चिम मुंबई लोकसभा मतदारसंघात येतो, तिथे 2024 चा निकाल अवघ्या 48 मतांनी लागला. इतक्या थोड्या फरकाने जिथे आमदार आणि खासदार ठरतात, तिथे किनाऱ्यावरच्या पाच गावांची मते किरकोळ कशी? निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे नमुना 20 मध्ये देतो. ते कागद सर्वांसाठी खुले आहेत. कृपया ते उघडा. मढच्या केंद्रांवर मागच्या चार निवडणुकांत मतदान किती झाले, ते वाढले की घटले, कल बदलला का, हे पाहून मग लिहा. अंदाजाने रंगवलेल्या चित्रापेक्षा ते नक्कीच खरे असेल.

आणि मालवणीवरही आपण अन्यायच करता. जून 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. जून 2021 मध्ये पावसात घर कोसळून एकाच जागी बारा जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक मुले होती. या घटना त्या आठवड्यात पहिल्या पानावर होत्या. पुढच्या निवडणुकीत मतदारसंघाचा लेखाजोखा घेताना त्या किती जणांनी आठवल्या? त्या दुर्घटनांनंतर दारूच्या अड्ड्यांचे काय झाले, धोकादायक घरांचे काय झाले, हा प्रश्न उमेदवारांना विचारणे म्हणजेच मतदारसंघाचा इतिहास विचारणे होय. मालवणीला केवळ मतांचा गठ्ठा म्हणून पाहिले की हे प्रश्न विचारायचे राहून जातात.

तिसरी तक्रार सीमारेषांबद्दल आहे, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. आमच्या गावांचा कारभार कोणी करायचा हे नेहमी कुठल्यातरी नकाशावर ठरले. 1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि मालाडचा पट्टा शहरात आला. 1990 मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. आज आमचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आणि तालुका बोरिवली. 2008 मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली. त्याआधीच्या सीमा 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत उपनगरांची लोकसंख्या कितीतरी वाढली होती, म्हणून शहराच्या वाट्याच्या जागा कमी होऊन उपनगर जिल्ह्याला 26 आणि शहर जिल्ह्याला 10 जागा मिळाल्या. आपण या बदलाबद्दल लिहिले ते कोणत्या पक्षाचे किती नुकसान, कोणाचा बालेकिल्ला फुटला, एवढ्यापुरते. गावांचे काय झाले, हे फार थोड्यांनी पाहिले.

या रेषांचा आमच्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, ते सांगतो. मढहून फेरीबोटीने वर्सोव्याला पोहोचायला काही मिनिटे लागतात. आमची मासळी तिकडे जाते, मुले तिकडे शिकतात, माणसे तिकडे नोकरीला जातात. रस्त्याने जायचे तर मार्वे, मालवणी, मालाड असा वळसा घालून वीस किलोमीटरच्या वर अंतर पडते. पावसाळ्यात फेरी बंद झाली की मालाडला नेणारी 271 नंबरची बस हाच बहुतेकांचा आधार. पण खाडीच्या या बाजूला मालाड पश्चिम आणि उत्तर मुंबई, त्या बाजूला वर्सोवा आणि उत्तर-पश्चिम मुंबई. खाडीच्या दोन काठांना आमदार वेगळा, खासदार वेगळा, महापालिकेचा विभागही वेगळा. खाडीत गाळ साचला, धक्क्याची पायरी मोडली, फेरीच्या वेळेचा प्रश्न निघाला, तर नेमके कोणाकडे जायचे? पलीकडे गेलो तर ते आम्हाला त्यांचे मतदार मानत नाहीत. अलीकडे आलो तर धक्का पलीकडचा आहे असे उत्तर मिळते.

वर्सोवा-मढ पुलाबद्दल आपण भरपूर लिहिले आहे. खर्च किती, कंत्राट कोणाला, तिवरे किती तोडावी लागणार, न्यायालयाने काय म्हटले. हे सगळे वाचकांना कळायलाच हवे. पण एवढ्या थोड्या अंतरासाठी इतकी दशके का गेली, याचे उत्तर मतदारसंघांच्या इतिहासात आहे आणि ते कोणी शोधले नाही. दोन विधानसभा आणि दोन लोकसभा मतदारसंघांच्या मधोमध असलेली खाडी ही कोणत्याच प्रतिनिधीची पूर्ण जबाबदारी नव्हती. ज्याने पुलासाठी जोर लावला त्याला निम्मेच श्रेय मिळणार होते. माझी विनंती आहे की विधिमंडळाच्या कामकाजाचे जुने खंड काढून पाहा. या पुलाबद्दल, या फेरीबद्दल तारांकित प्रश्न कोणी विचारले, लक्षवेधी सूचना कोणी मांडली, मंत्र्यांनी कोणते आश्वासन दिले आणि त्याचे पुढे काय झाले, हे सालवार मांडा. आणि पूल झाल्यावर कोळीवाड्याचे काय होणार, होड्यांची वाट मोकळी राहणार का, जमिनीच्या किमती वाढून गावठाणातल्या घरांवर कोणाचा डोळा पडणार, हेही आत्ताच विचारा. काम संपल्यावर विचारून उपयोग नाही.

चौथी तक्रार. मढ आपल्या पानांवर येते ते तीन कारणांनी. चित्रीकरणाचे बंगले, आक्सा किनाऱ्यावर बुडालेली मुले आणि बेकायदा बांधकामे. 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे प्रकरण गेल्यानंतर इथले स्टुडिओ पाडले गेले, ती बातमी मोठी झाली. जुन्या भूमापन नकाशांत फेरफार करून किनाऱ्यावरची बांधकामे जुनी दाखवल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि विशेष तपास पथक नेमले गेले, तीही मोठी झाली. आरोप-प्रत्यारोप कोणी कोणावर केले, हे आपण तपशीलवार छापले. ज्यांनी गुन्हा केला असेल त्यांना शिक्षा व्हावी, यात दुमत नाही.

पण याच नकाशांची दुसरी बाजू राहून गेली. मूळ कोळीवाड्याची हद्द नकाशावर नीट उमटावी म्हणून इथले लोक कितीतरी वर्षे भांडत आहेत. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना 1991 मध्ये आली, 2011 मध्ये बदलली, 2019 मध्ये पुन्हा बदलली. 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांना आपली घरे दुरुस्त करण्याची, वाढवण्याची वेगळी सवलत दिली गेली. तिचा लाभ घ्यायचा तर आधी कोळीवाडा म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे सरकारी नकाशाने मान्य केले पाहिजे. घरे, मासळी सुकवायच्या वलांड्या, जाळी विणायच्या आणि होड्या ओढून ठेवायच्या मोकळ्या जागा हे सगळे धरून सीमांकन हवे. घरांपुरती रेष मारली तर धंदा हद्दीबाहेर जातो. एकीकडे खोट्या नकाशांवर बंगले उभे राहिल्याची चौकशी होते, आणि दुसरीकडे खऱ्या गावाला आपली हद्द मान्य करून घेण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून लिहिलेली बातमी वाचायची माझी इच्छा आहे. प्रत्येक उमेदवाराला विचारा की सीमांकनाबद्दल तुमची भूमिका काय आहे, आणि त्याचे उत्तर तारखेसह छापून ठेवा.

पाचवी गोष्ट मंत्रिपदाची. डिसेंबर 2019 मध्ये मालाड पश्चिमचे आमदार अस्लम शेख राज्याचे मंत्री झाले. वस्त्रोद्योगासोबत मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही खाती त्यांच्याकडे आली. ज्या मतदारसंघात मढ, भाटी आणि एरंगळचे मच्छीमार आहेत, त्याच मतदारसंघाच्या आमदाराकडे मत्स्यव्यवसाय खाते. मासेमारी गावांच्या दृष्टीने ही अपूर्व संधी होती. ते मुंबई शहर जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते, पण त्यांचा स्वतःचा मतदारसंघ मात्र उपनगर जिल्ह्यात येतो आणि तिथले पालकमंत्री आदित्य ठाकरे होते. त्यांच्या मंत्रिपदाच्या अडीच वर्षांतच करोनाची टाळेबंदी आली, मासळी बाजार बंद पडले. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, मे 2021 मध्ये तौक्ते आले आणि किनाऱ्यावरच्या होड्यांचे, जाळ्यांचे नुकसान झाले. जून 2022 मध्ये ते ज्यात मंत्री होते ते सरकार गेले.

या अडीच वर्षांचा हिशेब मी आपल्याकडून वाचण्याची वाट पाहिली. मत्स्यव्यवसाय खात्याच्या मंत्र्याने स्वतःच्या मतदारसंघातल्या मच्छीमारांसाठी काय केले? डिझेलचा परतावा वेळेवर मिळाला का? वादळाची भरपाई किती जणांपर्यंत पोहोचली? बर्फ, धक्का, मासळी उतरवण्याची जागा, यांत काय सुधारले? त्यांनी काम केले असेल तर त्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे होते. केले नसेल तर तेही मतदारांना कळायला हवे होते. एकच माणूस सलग चार वेळा निवडून येतो, याची कारणे केवळ धर्माच्या टक्केवारीत शोधणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि मतदारांवरही. विरोधी उमेदवारांनाही हाच नियम लावा. दर निवडणुकीला वेगळा उमेदवार देणाऱ्या पक्षाने मधल्या पाच वर्षांत या गावांत काय केले, हेही लिहा. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याची घोषणा आपण ठळक छापली. आता त्या निर्णयामुळे मढच्या नाखव्याला कर्ज कोणत्या दराने मिळाले, विजेच्या बिलात काय फरक पडला, हे तपासायला कोणीतरी इथे यावे.

सहावी तक्रार मतदानाच्या दिवसाबद्दल आहे. नवा मतदारसंघ झाल्यापासून विधानसभेचे मतदान 13 ऑक्टोबर 2009, 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019 आणि 20 नोव्हेंबर 2024 रोजी झाले. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पूर्ण जोमाने समुद्रात जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा भर हंगामाचा काळ असतो. होडी समुद्रात असताना खलाशी आणि नाखवा मतदान केंद्रावर कसा येणार? टपाली मतदानाची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना आहे, फार वृद्ध आणि अपंग मतदारांना आहे. समुद्रात गेलेल्या मच्छीमाराला नाही. मतदान कमी झाले की मुंबईकर उदासीन आहेत, जोडून सुट्टी आली की फिरायला जातात, असे आपण लिहिता. काही ठिकाणी ते खरे असेल. पण जो पोटासाठी समुद्रात आहे त्याला त्याच यादीत घालू नका. निवडणूक आयोगाला हा प्रश्न विचारणे आपल्या हातात आहे. आमच्यापैकी एकट्याने पत्र लिहिले तर त्याची पोच मिळते, आपण विचारले तर उत्तर द्यावे लागते.

सातवी गोष्ट नगरसेवकांची. आमदार आणि खासदारांवर आपण इतके लिहिता की गटार, पाणी, दिवाबत्ती, कचरा यांसाठी ज्याच्याकडे जायचे त्या नगरसेवकाचा इतिहास कोणीच लिहीत नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाने चालवला. त्या काळात गावातल्या नळाला पाणी कमी आले तर दाद मागायला निवडून दिलेले माणूसच नव्हते. पुलासारखा मोठा प्रकल्प याच काळात पुढे सरकला आणि सभागृहात त्यावर चर्चा करायला आमचा कोणी प्रतिनिधी नव्हता. मतदारसंघाच्या इतिहासात या रिकाम्या वर्षांची नोंद ठळक अक्षरांत व्हायला हवी. प्रतिनिधी कोण होता एवढेच लिहून भागत नाही. प्रतिनिधीच नव्हता, ती वर्षेही इतिहासच आहेत.

आता शेवटची आणि सर्वांत निकडीची विनंती. देशात नव्या जनगणनेची तयारी सुरू झाली आहे. तिच्यानंतर मतदारसंघांची पुन्हा पुनर्रचना होण्याची चर्चा आहे. 2002 च्या परिसीमन कायद्यात आयोगाने आपले प्रस्ताव आधी जाहीर करावेत, हरकती व सूचना मागवाव्यात, त्यांचा विचार करण्यासाठी जाहीर बैठका घ्याव्यात आणि अंतिम आदेश स्थानिक भाषेतल्या किमान दोन वृत्तपत्रांतही छापावेत, अशी तरतूद आहे. पुढची पुनर्रचना होईल तेव्हाही हीच पद्धत राहील असे धरले तर आपली जबाबदारी फार मोठी आहे. मागच्या वेळी हरकतींची मुदत आमच्या गावांत किती जणांना कळली होती? मसुदा जाहीर झाला की कोणता नेता अडचणीत, हे लिहिण्याआधी कोणती गावे कुठून तुटतात आणि कुठे जोडली जातात, ते सोप्या नकाशासह छापा. हरकत कुठे, कशी आणि किती तारखेपर्यंत द्यायची, ते छापा. एकाच समुद्रावर आणि एकाच खाडीवर जगणारी गावे एकत्र राहावीत की नाहीत, मढ आणि वर्सोवा एकाच प्रतिनिधीकडे असावेत की नाहीत, यावर दोन्ही काठांवरच्या लोकांचे म्हणणे ऐका. मतदारसंघाची रेष एकदा आखली की ती दशकानुदशके तशीच राहते. 1971 च्या जनगणनेवर आखलेली रेष 2008 पर्यंत टिकली, हे आपण पाहिलेच आहे.

मला ठाऊक आहे की आपल्यावर वेळेचे आणि जागेचे बंधन असते. एकेका वार्ताहराकडे डझनभर मतदारसंघ असतात, पानावर चारशे शब्दांची जागा मिळते आणि संध्याकाळच्या आत मजकूर द्यायचा असतो. मढपर्यंत यायचे तर अर्धा दिवस जातो, हेही खरे. पण त्याच मर्यादेत आपल्यापैकी काहींनी मुंबईच्या गिरण्यांबद्दल, झोपडपट्ट्यांबद्दल, पाण्याबद्दल फार मोलाचे लिहिले आहे. तेवढेच लक्ष शहराच्या काठावरच्या गावांना मिळावे, एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या वेळी मालाड पश्चिमची ओळख लिहाल तेव्हा फक्त चार गोष्टी करा. केंद्रनिहाय आकडे पाहा. विधिमंडळातले प्रश्न पाहा. मागच्या जाहीरनाम्यातली आश्वासने समोर ठेवा. आणि मढच्या धक्क्यावर येऊन नाखव्यांशी, मासळी विकणाऱ्या बायकांशी बोला.

आमदाराला त्याच्या कामाचा हिशेब मतदार दर पाच वर्षांनी एकदाच विचारू शकतात. आपण तो दर महिन्याला विचारू शकता. तो विचारा आणि आमच्या गावाच्या नावासकट छापा.

आपला,
मढचा एक मतदार आणि आपला नियमित वाचक